एका वर्गातली युक्ती दुसऱ्या वर्गात

बालभारतीचं अलीकडचं पाठ्यपुस्तक उघडलं की काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक ठसा दिसतो आणि त्याच्यासोबत अक्षरं-अंकांचा सहा जागांचा एक सांकेतिक क्रमांक. मुंबईच्या शाळेत, मेळघाटातल्या आश्रमशाळेत, कोकणातल्या वाडीवर पुस्तक तेच आणि ठसाही तोच. हा ठसा पाठ्यपुस्तकात आला त्या वाटेची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात होते. तालुक्याचं नाव माढा असलं, तरी पंचायत समितीचा कारभार चालतो कुर्डुवाडीतून. तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांचे कागद आधी कुर्डुवाडीला येतात, मग सोलापूरला, मग पुण्याला. एका शिक्षकाला वर्गात सुचलेली गोष्ट एवढा प्रवास करून पुस्तकाच्या पानावर छापली जाते, हे आपल्याकडे फार क्वचित घडतं. म्हणून ती कशी गेली हे नीट पाहायला हवं.

याच तालुक्यात परितेवाडी आहे. बार्शीचे रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत तेव्हा मोडकळीला आलेली होती, एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांची आपल्या मुलांसाठी नव्याने मांडणी केली आणि पानांवर क्यूआर कोड घातले. मोबाइल कोडसमोर धरला की कविता ऐकू यायची, धड्याची चित्रफीत दिसायची, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडायचा. पुस्तक छापील राहिलं, आणि त्या पानामागे आणखी एक पान तयार झालं.

या ठशाची रचना समजून घेतली, तर शाळेसाठी तो इतका सोयीचा का ठरला हे कळतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत आणि कामगारांना एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड वाचावे लागत. हारांनी माहिती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी भरली. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये ७,०८९ अंक बसतात. तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन यंत्राला ‘कोड इथे आहे आणि तो असा फिरलेला आहे’ हे सांगतात. त्या चौकोनांमधून रेघ ओढली, तर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असं येतं. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने असंख्य छापील कागद तपासून हे प्रमाण निवडलं, कारण इतर छपाईत ते जवळपास आढळत नव्हतं. म्हणून पुस्तक उलटं धरलं, तिरकं धरलं तरी चालतं. पहिलीचं मूल पुस्तक कसं धरतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या गोष्टीचं मोल सांगायला नको.

दुसरा गुण आणखी उपयोगाचा. कोडमध्ये मूळ माहितीसोबत तिची गणिती राखीव नोंदही भरलेली असते. ती किती ठेवायची हे कोड बनवताना ठरतं. त्यानुसार कोडचा ७ ते ३० टक्के भाग खराब झाला, तरी उरलेल्यावरून हरवलेलं भरून काढता येतं. शाईचा डाग, दुमडलेला कोपरा, वरणाचा थेंब, एवढं सोसूनही तो वाचता येतो.

आणि तिसरी गोष्ट, जी पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. पुस्तकातल्या कोडमध्ये चित्रफीत नसते. असतो फक्त एक छोटा पत्ता. त्या पत्त्यावर काय ठेवायचं हे नंतर बदलता येतं. छापील पुस्तक एकदा निघालं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, पण कोडमागचं साहित्य यंदा एक, पुढच्या वर्षी त्याहून चांगलं असू शकतं. परितेवाडीच्या शिक्षकाने बनवलेल्या धड्याशेजारी गडचिरोलीच्या शिक्षिकेचा धडा येऊ शकतो. म्हणजे ठरावीक मंडळाने लिहिलेल्या पुस्तकात वर्गात शिकवणाऱ्यांसाठी एक दार उघडं राहिलं. माझ्या मते क्यूआर कोडचं शैक्षणिक महत्त्व इथे आहे, चित्रफीत दिसते यात नाही.

डिसले यांनी हा प्रयोग शासनापुढे मांडला, त्याची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, देशपातळीवरचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला आणि राज्याराज्यांच्या पुस्तकांतले कोड त्याला जोडले गेले. २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येतील असं सांगितलं. पुस्तकातला सहा जागांचा क्रमांक ही या व्यवस्थेतली एक शहाणपणाची तरतूद. कॅमेरा बिघडला असेल, तर तो क्रमांक टाकूनही तेच साहित्य उघडतं. एकदा उतरवून घेतलेला धडा पुढे इंटरनेटशिवाय चालतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मासाहिरो हारांच्या कंपनीने क्यूआर कोडचं पेटंट स्वतःकडे ठेवलं, पण ठरलेल्या नमुन्यानुसार कोड वापरणाऱ्या कोणावरही हक्क बजावायचा नाही, असं जाहीर केलं. २००० मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक बनला. प्रत्येक कोडमागे पैसे मोजावे लागले असते, तर सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाला तो स्वतःच्या पुस्तकात घालून बघता आला नसता. म्हणजे परितेवाडीत युक्ती सुचण्याआधी कोणीतरी दूर देशात आपली युक्ती मोकळी सोडली होती.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा, युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना जाहीर झाला. १४० हून अधिक देशांतून १२,००० वर नामांकनं होती आणि रक्कम होती १० लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली, प्रत्येकाला सुमारे ५५ हजार डॉलर. वर्तमानपत्रांनी औदार्याची बातमी केली, ते रास्तच होतं. पण ते नऊ जण काय करत होते, हे फार थोड्यांनी सांगितलं. ब्राझीलच्या दोआनी बेर्तान कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेत धड्यांच्या चित्रफिती बनवत. व्हिएतनामच्या हा आन्ह फुओंग डोंगराळ भागातल्या आपल्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून परदेशातल्या वर्गांशी जोडत. लंडनजवळचे जेमी फ्रॉस्ट यांनी गणिताची उदाहरणं आणि धडे कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे इंटरनेटवर ठेवले होते. टाळेबंदीच्या काळात त्यांचा उपयोग इतका वाढला की त्या वर्षी त्यांना वेगळा ‘कोविड हीरो’ सन्मान मिळाला. आपल्या वर्गासाठी केलेली गोष्ट वर्गाच्या भिंतीपलीकडे नेण्याची ओढ या साऱ्यांच्या कामात दिसते.

शिक्षकाच्या कामात ही ओढ सहज टिकत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शिक्षकांच्या व्यवसायावर ग्रंथ लिहिला आणि त्यात या कामातल्या एकटेपणावर बोट ठेवलं. प्रत्येक जण आपापल्या खोलीत, दार बंद, शेजारच्या खोलीत काय चाललंय ते दिसत नाही. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत हे दुप्पट खरं आहे. दोन शिक्षक, चार इयत्ता, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन भरायची माहिती, त्यातच एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सगळी शाळा. एखाद्या बाईंनी चौथीतल्या मुलांना अपूर्णांक भाकरी मोडून शिकवला आणि तो मुलांना कायमचा कळला, तरी पाच किलोमीटरवरच्या शाळेला त्याचा पत्ता लागत नाही. बाई निवृत्त झाल्या की युक्तीही निवृत्त होते.

मराठी शिक्षकांनी या एकटेपणावर इलाज शोधले नाहीत, असं नाही. १८६१ मध्ये ‘मराठी शालापत्रक’ सुरू झालं ते शाळामास्तरांसाठीच. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी त्याचं संपादन केलं. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं ‘जीवन शिक्षण’ हे मासिक आपली परंपरा तिथपर्यंत नेऊन जोडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला शिंपले, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून बालवाडीचं साहित्य उभं केलं, ते बघायला लोक जात आणि आपल्या गावी करून बघत. अलीकडची गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटची. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. फरशीवर आखलेल्या चौकटी, मुलांच्या हातात मणी, माळा, काड्या, आणि शिक्षक फळ्यासमोरून उठून खाली मुलांमध्ये. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासननिर्णयानंतर हे जाणंयेणं फार वाढलं. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी उभा केलेला डिजिटल वर्गही असाच बघितला गेला. गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही आले आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही नवी ओळख तयार झाली.

मात्र कुमठ्याला जाऊन आलेल्या काही शाळांत दुसऱ्या आठवड्यात फरशी रंगली आणि शिकवणं जुनंच राहिलं. चौकटी आल्या, त्या चौकटींत मुलाने काय करायचं हे आलं नाही. तशाच काही शाळांत प्रोजेक्टर आला आणि कपाटात गेला.

असं का होतं हे कुर्डुवाडीच्या माणसाला समजावणं सोपं आहे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचे रूळ अडीच फुटी होते आणि मुंबई-सोलापूर मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी. बार्शीचा डबा कुर्डुवाडीपर्यंत येई, पुढे जाऊ शकत नसे. माल उतरवायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा, मगच तो मुंबईला जायचा. या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर आणि लातूरकडचे रूळ रुंद होईपर्यंत ही उतरवाउतरवी चालली. वर्गातल्या युक्तीचंही तसंच आहे. एका शाळेतून ती डब्यासकट दुसरीकडे जात नाही. पोचलेल्या ठिकाणी ती उतरवून, मोकळी करून, तिथल्या मापात पुन्हा भरावी लागते आणि हे काम शिक्षकालाच करावं लागतं.

माढा तालुक्यातलंच उदाहरण घ्या. हा उसाचा पट्टा. घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर दिवसभर फडात. अशा वस्तीवर ‘घरी कोड स्कॅन करून कविता ऐका’ हा गृहपाठ चालणार नाही. तिथले शिक्षक तीच कविता रात्री उतरवून घेतील, सकाळी परिपाठानंतर शाळेच्या टॅबवर किंवा टीव्हीवर लावतील आणि वीज गेली असेल तर स्वतःच्या फोनला छोटा स्पीकर जोडतील. हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलंही याच शाळांत काही महिने बसतात. पुस्तक राज्यभर एकच आणि कोडही एकच, म्हणून बीड जिल्ह्यात अर्धवट राहिलेला धडा इथे त्याच पानापासून पुढे उघडता येतो. ही सोय मोठी आहे, पण ती वापरात आणायला त्या मुलाला ‘गावाकडे कुठपर्यंत झालं होतं?’ असं विचारणारा शिक्षक लागतो.

जपानमध्ये ही उतरवाउतरवी हा शिक्षकाच्या कामाचाच भाग मानला जातो. जुग्यो केंक्यू नावाची तिथली पद्धत फार जुनी आहे, जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं ते स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या १९९९ मधल्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकामुळे. चार-सहा शिक्षक मिळून एकच अवघड धडा निवडतात. त्याची तयारी एकत्र करतात, मुलं कुठे अडखळतील याचा आधी अंदाज बांधतात. मग एक जण वर्गात शिकवतो आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. त्यांचं लक्ष मुलांवर असतं. कोणत्या मुलाने काय लिहिलं, काय खोडलं, कुठे शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं, हे टिपलं जातं. नंतरच्या चर्चेत शिकवणाऱ्याची स्तुती किंवा निंदा होत नाही, धडा कसा बदलायचा हे ठरतं आणि पुष्कळदा दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात बदललेला धडा घेतो.

आपल्याकडे याला लागणारी चौकट तयार आहे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद. त्या परिषदेचा बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो, ही शिक्षकांची तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. तक्ते फोनवरून भरता येतात. पंचवीस शिक्षक एका खोलीत प्रत्यक्ष समोरासमोर येतात, ती वेळ मात्र महिन्यातून एकदाच मिळते.

उरलेले दिवस शिक्षक एकमेकांना भेटतात ते व्हॉट्सॲपवर. टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या दिवसांत या गटांनी खरोखर शाळा चालवल्या. त्याच २०२० मध्ये सोलापूर शहरात नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाहिलं की यंत्रमाग कामगारांच्या कित्येक घरांत स्मार्टफोनच नाही. त्यांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, आकृत्या, गणिताची सूत्रं, मुलं अंतर राखून गल्लीत उभी राहून वाचत. ऑनलाइन साधनांवरच्या लेखात मी हे मुद्दाम घेतो आहे. कारण या शिक्षकांनी साधनाच्या आधी मुलाकडे काय आहे ते पाहिलं. देशभर ही बातमी गेली आणि भिंत हेसुद्धा एक साधन म्हणून इतरांना मिळालं.

व्हॉट्सॲपवर मात्र पुढे ढकलणं फार आणि सांगणं थोडं असतं. कार्यपत्रिका येते, तिच्यावरून बनवणाऱ्याचं नाव कोणीतरी कापलेलं असतं, कोणत्या मुलांबरोबर ती वापरली आणि काय झालं याचा उल्लेख नसतो. अशा शंभर कार्यपत्रिकांपेक्षा दोन मिनिटांचा एक आवाजी निरोप जास्त कामाचा: ‘माझ्या तिसरीत अठरा मुलं, त्यातल्या सात जणांना दशक-एकक गोंधळतं, मी काड्यांचे गठ्ठे दिले, गठ्ठा सोडताना चार जणांना कळलं, तिघांना अजून नाही.’ हे ऐकणारा शिक्षक लगेच ओळखतो की आपल्याकडचे तिघं कोणते. न कळलेल्या तिघांची बातमी बहुतेक वेळा वगळली जाते, पण दुसऱ्या शाळेला सर्वांत जास्त उपयोग तिचाच असतो.

मोकळेपणाने घेता येईल असं मराठीत आज पुष्कळ आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुनी वर्तमानपत्रं यांतून बनणाऱ्या शेकडो खेळण्यांच्या कृती आणि अनेक भाषांतली पुस्तकं सगळ्यांसाठी खुली ठेवली. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून गोष्टी अशा परवान्याने आहेत की त्या वाचता, छापता, भाषांतरित करता आणि आपल्या मुलांच्या पातळीला आणता येतात. अट एकच, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव द्यायचं. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’वर विज्ञान-गणिताच्या हलत्या कृती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मराठीत मिळतात. ज्या शाळेत विजेच्या प्रयोगाचं साहित्य नाही, तिथे पडद्यावर तार जोडून दिवा लावता येतो. पण सेल आणि बल्ब शाळेत असतील, तर आधी तेच हातात द्यावेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात मजकूर वापरण्याची मुभा आहे, त्यामुळे वर्गात फळ्यावर काही उतरवताना घाबरायचं कारण नाही. नाव कापून ते स्वतःचं म्हणून पसरवणं मात्र त्या मुभेत बसत नाही. त्याहून जास्त काळजी मुलांच्या चेहऱ्यांची घ्यावी. उपक्रमाचा फोटो म्हणून वर्गातलं चुकणारं, रडणारं, अडखळत वाचणारं मूल राज्यभर फिरतं आणि ते परत बोलावता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वहीच्या पानाचा फोटो पुरतो. मुलाने केलेली चूक त्यात दिसते, चेहरा दिसत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर क्षणात मराठी प्रश्नपत्रिका तयार होते. वेळ वाचतो हे खरं, पण ऱ्हस्वदीर्घापासून इतिहासातल्या सनापर्यंत चुका त्यात सहज शिरतात. पुढे पाठवण्याआधी प्रत्येक ओळ पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहणं हे पाठवणाऱ्याचं काम, वाचणाऱ्यावर ते सोडू नये.

माझी मागणी छोटी आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास परिपत्रकांशिवाय राखावा. एका शिक्षकाने एक धडा, मुलांच्या वह्यांसकट, समोर ठेवावा. पुढच्या महिन्यात पहिला प्रश्न इतरांना विचारावा: तुमच्याकडे याचं काय झालं, काय बदलावं लागलं? सुरुवात हातच्याच्या वजाबाकीपासून करता येईल. तिसरीत तिथे अडलेलं मूल भागाकाराला आणखी अडतं, आणि अशी मुलं प्रत्येक शाळेत आहेत.